पत्र्यावरचं लाकूड

सत्तरच्या दशकातली एखादी अमेरिकन स्टेशन वॅगन दुरुस्तीला घेतली आणि तिच्या दारावरचा लाकडी दिसणारा थर हीट गनने गरम करून सोलायला सुरुवात केली, की खाली लाकूड सापडत नाही. सापडतो सपाट पत्रा, कडक झालेला गोंद आणि कडेच्या पट्ट्या बसवण्यासाठी कारखान्यात पाडलेली भोकं. त्या भोकांभोवती बहुधा गंज धरलेला असतो. ज्या रूपावर त्या गाडीची सारी ओळख उभी होती, ते रूप तुकड्या-तुकड्यांनी हातात येतं आणि मालकापुढे प्रश्न उभा राहतो: आता इथे काय लावायचं?

बऱ्याच मॉडेलांची मूळ फिल्म, त्याच नक्षीची आणि त्याच छटेची, आज कुणी बनवत नाही. त्यामुळे जुन्या गाड्यांचे शौकीन, रंगारी, छपाईवाले आणि सुतार या प्रश्नाची उत्तरं आपापल्या हातांनी शोधत आले आहेत. कुणी नक्षी कुंचल्याने रंगवतो, कुणी खऱ्या फळीचा फोटो विनाइलवर छापून घेतो, कुणी खरंच लाकूड चिकटवतो, आणि कुणी लाकडाचा नाद सोडून तिथे निराळंच काही लावतो. या खटाटोपाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जी वस्तू जन्मापासूनच नक्कल होती, तिचं जतन करायचं म्हणजे नेमकं कशाचं करायचं, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आणि तो सोपा नाही.

त्यासाठी आधी रेल्वे स्टेशनाबाहेर जायला हवं. उतारू आणि त्यांच्या ट्रंका-वळकट्या उचलून मुक्कामी पोचवायचं जे काम आपल्याकडे टांग्याने केलं, ते अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडी बॉडीच्या मोटारी करू लागल्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यावर बॉडी बांधणारे कारागीर बाकडी, खांब आणि छप्पर उभारून देत. यात लाकडाची निवड हौसेची नव्हती. थोड्या संख्येने बनणाऱ्या गाडीसाठी पत्रा दाबायचे साचे परवडत नसत. लाकडाला करवत, रंधा आणि सरावलेला हात पुरे. १९२३ साली ड्युरंट कंपनीने आपल्या ‘स्टार’ मोटारीत अशी वॅगन थेट कंपनीकडूनच विकायला काढली, आणि १९२९ मध्ये फोर्डने मॉडेल ए ची स्टेशन वॅगन आणली. हेन्री फोर्डने मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला तीन लाख एकरांहून अधिक जंगल घेऊन ठेवलं होतं. तिथल्या आयर्न माउंटनच्या कारखान्यातून पुढे या वॅगनांचं मेपल आणि बर्च येऊ लागलं. लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या विकल्या जात. ‘किंग्सफर्ड’ नावाने अमेरिकेत आजही मिळणाऱ्या कोळशाचं मूळ तेच. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने लाकडी पंखांची चार हजारांहून अधिक लष्करी ग्लायडर विमानं बनवली.

या वॅगनांची बांधणी नीट बघायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. बाहेरून दिसणारी जाड, फिकट चौकट म्हणजे गाडीची हाडं. ती अ‍ॅश किंवा मेपलसारख्या चिवट लाकडाची. चौकटीच्या आत बसवलेली गडद फळी म्हणजे नुसती भिंत. तिच्यावर फारसा भार नाही. १९४१ साली क्रायस्लरची ‘टाउन अँड कंट्री’ आली, तिची चौकट पांढऱ्या अ‍ॅशची होती आणि आतल्या फळ्या होंडुरासच्या महोगनीच्या. फिकट चौकट आणि गडद फळी हे रंगांचं नातं सजावट म्हणून कुणी ठरवलेलं नव्हतं. कोणतं लाकूड कुठे टिकतं, या सुताराच्या ज्ञानातून ते आलं होतं.

अशी गाडी सांभाळणं मात्र जिकिरीचं. सांध्यांत पाणी मुरायचं, चौकट कुरकुरायची, दारं फुगायची, आणि व्हार्निशचा हात वेळच्या वेळी दिला नाही तर लाकूड काळं पडायचं. म्हणून युद्ध संपताच पत्र्याने ती जागा घ्यायला सुरुवात केली. १९४६ मध्ये विलीस कंपनीसाठी ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने पूर्ण पत्र्याची स्टेशन वॅगन काढली. (मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीसच्या जीप जुळवायला घेतल्या, तीच ही कंपनी.) पत्रा दाबणाऱ्यांना खोल आकार काढता येत नव्हते, म्हणून बाजू जवळजवळ सपाट राहिल्या. स्टीव्हन्सने त्या सपाट बाजूंवर उथळ उठाव काढून चौकट आणि फळी दोन्ही दाखवली, आणि वरून लाकडाच्या छटांचा रंग दिला. लाकडाचा एक तुकडाही न वापरता लाकडी गाडी उभी राहिली.

दुसऱ्या वाटेने आली ती फिल्म. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या ‘डाय-नॉक’ कंपनीची लाकडाच्या रेषा छापलेली ही फिल्म पत्र्यावर चिकटवता यायची. १९४७ च्या सुमारास क्रायस्लरने टाउन अँड कंट्रीच्या महोगनी फळ्यांच्या जागी ती लावली. चौकट मात्र खऱ्या अ‍ॅशचीच ठेवली. मला हा टप्पा फार बोलका वाटतो. जिथे लाकूड भार उचलत होतं तिथे ते राहिलं, आणि जिथे ते फक्त दिसत होतं तिथून आधी गेलं. १९४९ मध्ये शेव्हरोलेने वर्षाच्या मध्यातच लाकडी वॅगन थांबवून लाकडासारखी रंगवलेली पत्र्याची वॅगन आणली. फोर्डच्या ‘कंट्री स्क्वायर’मध्ये १९५२ पासून पत्र्यावर फिल्म आणि तिच्याभोवती खऱ्या लाकडाची पट्टी होती, थोड्याच वर्षांत ती पट्टीही फायबरग्लासची झाली. खऱ्या लाकडी बांधणीची अखेरची मोठी अमेरिकन वॅगन ब्यूइकची, १९५३ सालची. त्यानंतर जे दिसत राहिलं ती सगळी आठवण होती, आणि ती आठवण विकली गेलीही भरपूर. कंट्री स्क्वायर १९९१ पर्यंत बनत राहिली, आणि तिच्या जवळपास प्रत्येक पिढीच्या अंगावर तीच फिकट चौकट आणि तीच गडद फळी होती.

इंग्लंडमध्ये गोष्ट जरा वेगळी घडली. ‘मॉरिस मायनर ट्रॅव्हलर’ १९५३ पासून १९७१ पर्यंत बनली, आणि तिच्या मागच्या भागाची अ‍ॅशची चौकट अखेरपर्यंत खरी, भार पेलणारी होती. तिथल्या वार्षिक तपासणीत ती चौकट सडलेली निघाली तर गाडी नापास होत असे. त्याच कंपनीच्या मिनी ट्रॅव्हलरवर मात्र पत्र्याच्या अंगावर लाकडी पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. पट्ट्या काढल्या तर मिनीला काही होत नाही. मायनरचा मागचा भाग उभाच राहणार नाही.

आता माझ्या आवडत्या गाड्यांकडे येतो. लाकडाला पर्याय शोधायचा एक खरा धाडसी प्रयत्न कुणा हौशी माणसाने नव्हे, एका कारखान्याने केला. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाची अमेरिकन मोटर्स ही डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांपुढे लहान कंपनी होती. दरवर्षी नवे साचे बनवायला तिच्याकडे पैसा नव्हता, त्यामुळे आहे त्या पत्र्यावर काय करता येईल याचा विचार तिथे जास्त होई. १९६७ मध्ये तिने ‘रॅम्बलर रेबेल’ वॅगनची तीन प्रादेशिक रूपं काढली, मिळून सुमारे दीड हजार गाड्या. गाडी तीच, पत्रा तोच. बदलली ती बाजूची पट्टी, रंग आणि आतली बैठक.

समुद्रकिनाऱ्याच्या शहरांसाठी ‘मरिनर’. निळा रंग आणि बाजूला उन्हाने फिकट झालेल्या सागवानासारखा पट्टा, त्यावर बारीक काळ्या आडव्या रेषा, म्हणजे थेट जहाजाचा डेक. पश्चिमेकडच्या राज्यांसाठी ‘वेस्टर्नर’, पांढरी, बाजूला फळकुटांच्या कुंपणासारखी नक्षी आणि आत घोड्याच्या कातड्याची नक्कल करणारी बैठक. पूर्वेकडच्या बाजारासाठी ‘ब्रायरक्लिफ’: लालभडक अंग आणि बाजूला काळा खरखरीत पट्टा, कॅमेऱ्याच्या बॉडीवर असतो तसा.

या तिन्हींत मला मोठी समज दिसते. बाकीच्या कंपन्या एकच महोगनी पुन्हा पुन्हा छापत असताना इथे कुणीतरी विचारलं, की हा पट्टा कशासाठी आहे? गाडीची लांब, सपाट बाजू डोळ्याला जड वाटते. ती तोडायला मध्ये वेगळ्या पोताचा आडवा पट्टा लागतो, आणि त्या पोतातून गाडी आपण कुठल्या जागेची ते सांगते. ही दोन कामं होत असतील तर महोगनीच हवी असं नाही. डेक चालेल, कुंपण चालेल, कॅमेऱ्याचं कातडंही चालेल. ब्रायरक्लिफमध्ये तर लाकडाचा मागमूसही नाही, आणि तरी तो पट्टा आपल्या जागी अगदी चपखल बसतो.

लाकडाऐवजी दुसरा पोत आणायची कल्पना याआधी इंग्लंडच्या कोचबिल्डरांनीही राबवली होती, फक्त त्यांचं गिऱ्हाईक वेगळं होतं. दाट रंग नळीतून पिळून, रेषेवर रेषा चढवत, गाडीच्या अंगावर वेताच्या विणीचा आभास उठवायची त्यांची जुनी कला होती. १९६३ मध्ये हूपर कंपनीने पीटर सेलर्स या नटासाठी सजवलेली मिनी तशाच वेताच्या विणीची होती. हे काम करणाऱ्याचा हात क्षणभर थरथरला तर सबंध ओळ पुसून काढावी लागे. अमेरिकेत १९६९-७० मध्ये प्लिमथने काही गाड्यांच्या छतावर फुलाफुलांचं विनाइल चढवलं. अमेरिकन मोटर्सने १९७३ मध्ये जीन्सच्या कापडाची बैठक आणली. खरं डेनिम आगीच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून नायलॉन विणून त्याला डेनिमचं रूप दिलं आणि वर तांब्याची बटणं लावली.

आता पुन्हा सोललेल्या दाराकडे येऊ.

हाताने रंगवणं हा सगळ्यांत जुना उपाय, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक. साध्या स्वस्त लाकडावर ओक किंवा महोगनीचा आभास रंगवायची कला युरोपात घराघरांच्या दारांवर होती. इंग्लंडचा थॉमस केर्शॉ हा तिचा मोठा उस्ताद. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने बक्षीस मिळवलं आणि त्याच्या रंगवलेल्या फळ्या आज संग्रहालयात आहेत. गाडीवरचं काम त्याच रीतीने होतं. आधी अस्तर, लांबी आणि घासणी यांनी पत्रा गुळगुळीत करायचा. मग लाकडाच्या सर्वांत फिकट छटेचा रंग सपाट मारायचा. तो वाळला की त्यावर गडद तपकिरी रंगाचा पातळ, उशिरा वाळणारा थर द्यायचा आणि ओला असतानाच त्यात काम करायचं. लांब केसांचा कोरडा कुंचला आपटून लाकडाची बारीक छिद्रं उठवायची, कंगव्याने सरळ रेषा ओढायच्या. रबराचा वक्र ठसा ओढता ओढता हळूच डोलवला की गाठी आणि कमानी उमटतात. शेवटी मऊ कुंचला हलकेच फिरवून कडा विरघळवायच्या आणि वर ऊन सोसणारा क्लिअर कोट चढवायचा.

नवशिका रंगारी इथे एक चूक हमखास करतो: गाठी फार काढतो. रबराचा ठसा हातात आला की दर वीतभर अंतरावर एक कमान उठते आणि दार वळवळायला लागतं. खरी फळी बरीचशी शांत असते, लांबच लांब रेषा आणि कुठेतरी एखादी गाठ. शिवाय पुढच्या फेंडरवरची रेष दारांवरून मागच्या कोपऱ्यापर्यंत सलग जायला हवी. प्रत्येक दार सुटं काढून रंगवलं तर बसवल्यावर रेषा जुळत नाहीत. चांगले कारागीर त्यामुळे दारं गाडीवर बसवूनच, एका दमात, पुढून मागे रंगवत जातात. अशा कामाला वेळ लागतो, पण त्याचा एक मोठा फायदा आहे. पुढे ओरखडा उठला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो; फिल्मला ती सोय नाही.

दुसरा उपाय छपाईचा, आणि आज सर्वाधिक वापरला जाणारा. चांगली फळी निवडायची, तिचा सपाट उजेडात फोटो काढायचा किंवा स्कॅन करायचं, रंग जुळवायचा आणि विनाइलवर छापायचं. यात फसगत होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे पुनरावृत्ती. फळीचा लहान तुकडा घेऊन तोच पुन्हा पुन्हा जोडला तर ठरावीक अंतरावर तीच गाठ डोळ्यात खुपते. म्हणून सबंध गाडीच्या लांबीची एकच नक्षी तयार करावी लागते. दुसरी फसगत मालाची. रोलरखाली लाटून काढलेलं विनाइल स्वस्त पडतं, पण उन्हात आक्रसतं आणि कडांना उचलतं. द्रवरूपात ओतून बनवलेलं कास्ट विनाइल पातळ असतं, वळणांवर बसतं आणि टिकतं. त्यावर सॉल्व्हंटच्या शाईने छापलं असेल तर लगेच लॅमिनेट चढवायचं नाही. शाईतला वायू निघून जायला निदान एक दिवस द्यायचा, नाहीतर गोंद दगा देतो. सफाईदारपणे वाळवून, ऊन सोसणारं लॅमिनेट चढवून, साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवलेली अशी फिल्म कारखान्यातल्या जुन्या फिल्मपेक्षा सरस ठरू शकते.

हे काम मुंबई-पुण्यात कुणाला परकं वाटू नये. गाड्यांना विनाइल चढवणारी दुकानं आता तालुक्याच्या गावीही आहेत. लाकडाच्या छापील रेषांबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या कपाटांवरचा सनमायका म्हणजे छापील कागदच, राळेत भिजवून दाबलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर आणि लोखंडी सेफ्टी डोअरवर पावडर कोटिंगमध्ये सागाच्या रेषा उमटवलेल्या असतात. त्यांच्यासोबत आपण रोज राहतो, आणि त्यांतली नक्षी कुठली बरी आणि कुठली वाईट हे नजरेला कळतं. ती नजर गाडीवर वापरावी.

तिसरा उपाय खऱ्या लाकडाचा, आणि इथे मी सावध करीन. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं आणि आकसतं. पत्रा तसं करत नाही. पातळ व्हिनियर थेट पत्र्यावर चिकटवलं तर काही पावसाळ्यांत त्याला फुगे येतात, चिरा पडतात, आणि खाली साचलेलं पाणी पत्रा खातं. करायचंच असेल तर मागे मजबूत थर असलेलं व्हिनियर घ्यावं, चारही कडा इपॉक्सीने बंद कराव्यात आणि बोटींवर वापरतात तसलं व्हार्निश द्यावं. पट्ट्यांच्या बाबतीत मात्र लाकूड चांगलं काम देतं. फायबरग्लासच्या चौकटी तडकतात आणि सहज मिळत नाहीत. त्या जागी अ‍ॅश किंवा मेपलची खरी पट्टी वाफेवर वाकवून, थोडी मोकळीक ठेवून स्क्रूने बसवली तर ती हलायला जागा घेते आणि टिकते. फोर्डच्या १९५२ च्या गाडीवरही खऱ्या लाकडाचीच पट्टी होती. पाण्यावर तरंगणाऱ्या छापील फिल्ममध्ये भाग बुडवून नक्षी चढवायची रीतही आहे. आरशांची टोपणं, डॅशबोर्डच्या पट्ट्या यांना ती छान, पण सबंध दारासाठी केवढं टाकं लागेल याचा विचार करा.

आणि चौथा उपाय, ज्याच्याकडे माझा कल आहे: लाकूड सोडून देणं. सत्तरच्या दशकातल्या गाडीला सत्तरचीच छापील महोगनी लावून जतन करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. संग्रहालयात जाणाऱ्या गाडीला तेच शोभतं. फिल्म नक्कल असली तरी आता ती त्या काळाची खूण झाली आहे, आणि तिला तिचा मान मिळायला हवा. पण रोज रस्त्यावर धावणाऱ्या, मूळ फिल्म केव्हाच गमावलेल्या गाडीवर वेगळा विचार करायला मोकळीक आहे. चौकटीची रेष तिथल्या तिथे राहिली, तिच्या आतलं क्षेत्र अंगाच्या रंगापेक्षा गडद किंवा निदान वेगळ्या पोताचं राहिलं, तर गाडी आपली ओळख सोडत नाही. मॅट रंगाचा नुसता पट्टा चालतो. ब्रश केलेलं अ‍ॅल्युमिनियम चालतं. बांबूच्या रेषा, विणीची नक्षी, डेकच्या फळ्या, सगळं चालतं. बिघडतं ते चौकट काढून टाकली आणि नक्षी सबंध दारावर काठापर्यंत पसरवली की. लाकूड हुबेहूब असूनही मग ते सामानाच्या खोक्यासारखं दिसतं.

फोर्डनेच २००९ सालच्या ‘फ्लेक्स’ मध्ये हे पुढे नेलं. त्या गाडीच्या बाजूला लाकूड नाही, फिल्म नाही, लाकडाचा रंगही नाही. दारांच्या पत्र्यातच काही आडव्या खाचा दाबलेल्या आहेत, पुढून मागे सलग जाणाऱ्या. उन्हात त्या खाचांतल्या सावल्या फळ्यांच्या सांध्यांसारख्या पडतात, आणि ज्याने जुन्या वॅगन पाहिल्या आहेत त्याला लगेच खूण पटते.

कुठलाही उपाय निवडला तरी जुनी फिल्म सोलण्याआधी एक काम करावं. दोन्ही बाजूंना मोठा बटर पेपर लावून चौकटीची बाहेरची आणि आतली कड पेन्सिलीने उतरवून घ्यावी, हँडल आणि चाकांच्या कमानींपासूनची अंतरं लिहून ठेवावीत, भोकांच्या जागा खुणावाव्यात, आणि छतालगतच्या किंवा पट्टीखाली झाकलेल्या, ऊन न लागलेल्या फिल्मचा तळहाताएवढा तुकडा मूळ रंगासाठी जपून ठेवावा. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी उतरवावी, कारण कारखान्यातल्या माणसाने ती हातानेच बसवलेली होती आणि दोन्हींत फरक सापडू शकतो.